बंब, अडकित्ता आणि कोळवं: वाड्याच्या माळ्यावरून संग्रहालयापर्यंत

पुण्यातल्या शनिवार पेठेतला आमचा वाडा पुनर्विकासाला गेला. करारानुसार 31 मे 2024 पर्यंत जागा रिकामी करून द्यायची होती. माळ्यावर आणि कोठीच्या खोलीत तीन पिढ्यांची भांडी, मापं, दिवे, फण्या, कापडं पडून होती. तांबं-पितळ मोडीत घातलं तर किलोवर पैसे मिळतात, उरलेलं बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात नेता येतं. आम्ही भावंडांनी ते संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. 11 फेब्रुवारी 2024 ला पहिली पेटी उघडली आणि 20 फेब्रुवारी 2025 ला शेवटची पावती हातात आली. पेठांमधले वाडे एकेक करून उतरताहेत, त्यामुळे हे काम अजून बऱ्याच घरांवर येणार आहे. त्यांची धावपळ थोडी कमी व्हावी म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. द्यायचं तर स्वच्छ करून द्यावं, या भावनेने चार पितळी डबे चिंच आणि भांड्याची पावडर लावून घासले गेले. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ लागला की जस्त आधी सुटतं आणि त्या जागी तांबूस-गुलाबी चट्टे राहतात. हे चट्टे परत जात नाहीत. एका डब्याच्या गळ्याजवळ ठिपके ठोकून नाव घातलेलं होतं. ते आधीच झिजलेलं, घासल्यावर शेवटची तीन अक्षरं वाचता येईनात. देणाऱ्याचं नाव होतं एवढंच आता कळतं, कोणाचं ते नाही. तेव्हा सगळ्यात आधी हे सांगते: घासू नका, धुऊ नका, तेल लावू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ आणि जळमटं काढा आणि थांबा.

कल्हईचंही तसंच. ‘देण्याआधी कल्हई करून घेऊ’ असं घरात कोणीतरी म्हणतंच. आमच्याकडच्या एका पितळी पातेल्याच्या तळाला कल्हई एका बाजूने चंद्रकोरीसारखी गेलेली आहे. उलथनं रोज त्याच बाजूने फिरायचं, म्हणून. नवी कल्हई केली असती तर ती कोर कथलाखाली कायमची झाकली गेली असती.

वस्तू हलवण्याआधी ती जिथे आहे तिथेच तिचा फोटो काढावा. पाणी तापवायचा बंब न्हाणीघराच्या कोणत्या कोपऱ्यात होता, मापं धान्याच्या कोठीवर होती की देवघराच्या फडताळात, हे एकदा सामान खाली आलं की आठवत नाही. मग क्रमांक. चिकटपट्टी लावायची नाही, तिचा गोंद धातूवर डाग सोडतो आणि लाकडाचा थर उचलतो. रबरबँडही नको, रबरातल्या गंधकाने तांबं-पितळ-चांदीवर काळी रेघ उमटते. पांढऱ्या सुती फितीच्या तुकड्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहून तो कडीला किंवा कानाला सैलसर बांधावा. कडी-कान नसेल तर फीत भांड्यात ठेवावी. आमचे क्रमांक 1 ते 63 झाले.

यादीत हे रकाने ठेवले: घरात म्हणायचे ते नाव, इतर नावं, कशाचं बनलंय, उंची, तोंडाचा व्यास, वजन, कसं घडवलंय, खुणा आणि अक्षरं, कुठे मोडलंय आणि कुठे दुरुस्त झालंय, कोण वापरायचं, कुठे ठेवलेलं असायचं, घरात कसं आलं. प्रत्येकाचे सहा फोटो: समोरून, बाजूने, तळ, आतून, अक्षरं आणि दुरुस्ती. फ्लॅश नको. चकचकीत धातूचा फोटो नीट येत नाही, त्यात खिडकी आणि आपलंच तोंड दिसतं. खिडकी आणि वस्तू यांच्यामध्ये जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं की उजेड एकसारखा पडतो. फोटोत शेजारी सेंटिमीटरची पट्टी हवीच. ठोकलेली नावं वाचायला खडू किंवा पीठ चोळू नये. खोलीत अंधार करून टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरावा, ठिपक्यांच्या सावल्या पडतात आणि अक्षरं उठून दिसतात. साल बहुतेक वेळा शके असतं. त्यात 78 मिळवले की इसवी सन येतो, पण जानेवारीपासून पाडव्यापर्यंतची तारीख असेल तर 79. एका घंगाळावर (आंघोळीच्या पाण्याचं पसरट भांडं) ‘शके 1851 माघ’ होतं, म्हणजे 1930 च्या सुरुवातीचं.

हातघडणीचं भांडं आणि यंत्रावरचं भांडं ओळखायला वेळ लागला. लेथवर दाबून काढलेल्या भांड्यावर तळापासून काठापर्यंत बारीक, एकसारखी वर्तुळं दिसतात. हाताने मठारलेल्या भांड्यावर हातोडीचे ठसे असतात, ओळीत पण कमीजास्त, एकमेकांवर किंचित चढलेले. हे ठोकणं केवळ नक्षीसाठी नसतं, त्याने पत्रा कडक होतो आणि पातळ भांड्यालाही पोचे पडत नाहीत. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हे काम अजून चालतं. यादी करण्याआधी तिथे तासभर उभं राहून पाहिलं तर जुन्या भांड्याकडे बघण्याची नजर येते. दुसरी खूण तळाशी. जुन्या मोठ्या भांड्यात तळ आणि अंग वेगवेगळ्या पत्र्यांचे असतात. एका पत्र्याला दाते कापून ते दुसऱ्याच्या कडेत आळीपाळीने अडकवतात आणि मग डाख देतात, म्हणजे वितळवलेल्या धातूने सांधतात. तांब्यात पिवळट नागमोडी रेघ दिसली की तो हा सांधा.

बंबावर हा सांधा दोन ठिकाणी आहे. उंची 71 सेंटिमीटर, वजन 9 किलो 400 ग्रॅम. मधोमध विस्तवाची नळी, तिच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा, बाहेरच्या अंगाला पितळी तोटी. पाणी या नळीच्या भोवती राहतं, म्हणून थोड्या ढलप्यांत तापतं. पाणी न भरता पेटवला तर डाख वितळून सांधा सुटतो, आणि तसंच कधीतरी झालेलं दिसतं: तोटीच्या खाली तीन बोटं रुंद ठिगळ आहे, रंगाने वेगळं, सहा रिव्हेटांचं. पांढरट क्षाराचा थर आतल्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर जाड आहे. तो काढला नाही.

3 मार्चला रविवारी आत्याकडे कोथरूडला फोटो घेऊन गेलो. वय 84. हा या सगळ्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस ठरला. तिथे एक गोष्ट लक्षात आली. ‘हे किती जुनं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘खूप जुनं, पणजोबांच्या वेळचं.’ ‘हे कुठे ठेवायचे? कोण काढायचं? कशाने घासायचे? मोडलं तेव्हा कुठे नेलं?’ असं विचारलं की माणूस बोलायला लागतं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड केला आणि प्रत्येक वस्तूआधी तिचा क्रमांक मोठ्याने म्हटला, म्हणजे नंतर जुळवता येतं.

क्रमांक 22 हे एक छोटं पितळी माप. आम्ही यादीत ‘चिपटं’ लिहिलं होतं.

“आत्या, हे चिपटंच ना?”

“अगं, चिपटं एवढुसं असतं का? हे कोळवं. रोजच्या आमटीला आई दोन भरून डाळ काढायची, पाहुणा आला की तिसरं.”

घरी येऊन ताडून पाहिलं. जुन्या कोष्टकात दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. आमच्याकडे मापटंही होतं. तांदूळ भरून कोळव्याने मापट्यात ओतले, चार वेळा ओतल्यावर मापटं भरलं. चिपटं असतं तर दोनदाच भरलं असतं. ताडताना दोन्ही मापं सपाट भरा, एकाला शीग (काठावर चढणारी रास) लावली आणि दुसऱ्याला नाही तर हिशेब चुकतो. या मापाच्या तळाची एक कड आत दबली आहे. डाळ चिकटून राहू नये म्हणून रोज ओट्याच्या कडेवर आपटायचे, ही माहितीही आत्याचीच. दशमान मापं 1958 पासून टप्प्याटप्प्याने आली, तरी हे माप घरात 1970 नंतरही चालू होतं. दुकानात लिटर-किलो आणि स्वयंपाकघरात कोळवं असं दोन्ही एकदम चालायचं.

अडकित्त्याबद्दल आत्याला एवढंच आठवलं की त्याची मधली खीळ पडली होती आणि आजोबांनी घरीच लोखंडी खिळा कापून ठोकला. पितळी अंग, पोलादी पातं, लोखंडी खिळा. पातं इतक्या वेळा धार लावून झिजलंय की मिटल्यावर सुपारी धरायच्या जागी फट राहते.

एका फणीने मात्र अडचण उभी केली. घरात तिला ‘हस्तिदंती’ म्हणायचे. हस्तिदंताला वन्यजीव संरक्षण कायदा 1972 लागू होतो, मालकी प्रमाणपत्राशिवाय तो जवळ ठेवणंच अडचणीचं, मग देणं तर लांब. भिंगातून पाहिलं तर बारीक काळे ठिपके आणि तुटक रेघा दिसल्या. त्या हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या खुणा असतात. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. फणी हाडाची निघाली. तरी यादीत ‘हाडाची (तपासून घ्यावी)’ असंच लिहिलं. अशी वस्तू असेल तर ती लपवू नका आणि स्वतःहून खात्रीचं लिहूही नका.

कायद्याची दुसरी बाजू म्हणजे पुरावस्तू कायदा, तोही 1972 चा. साधारणपणे 100 वर्षांहून जुनी वस्तू आणि 75 वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तूत मोडतं आणि ते खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. मूर्ती, चित्र, सचित्र पोथी घरात असेल तर नोंदणीची चौकशी आधी करावी. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्याच वस्तू होत्या, तरी संग्रहालयाने ‘वस्तू वारसाहक्काने आलेल्या आहेत, विकत घेतलेल्या नाहीत’ असं लेखी मागितलं.

8 एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, पहिल्या संग्रहालयात अर्ज दिला: एक पानी पत्र, यादी, फोटोंची छापील प्रत आणि पेन ड्राइव्ह. पोच घेतली नाही. ही दुसरी चूक. मे महिना वाडा रिकामा करण्यात गेला. वस्तू बहिणीच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत हलवल्या. 2 जुलैला चौकशीला गेल्यावर कळलं की तिथे आमची फाइल सापडत नाही. तीन महिने वाया गेले, त्या दिवशी खरंच सगळं मोडीत घालावंसं वाटलं. अर्जाच्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, आणि पंधरा दिवसांनी त्याच आवक क्रमांकाने चौकशी करायची.

पावसाळ्यात वस्तू सांभाळणं हे वेगळंच काम. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो आणि दमटपणा धरतो. खळ काढून धुतलेली मलमल वापरली, सहा मीटर 540 रुपयांना. नाजूक वस्तूंना आम्लविरहित टिश्यू, 1,150 रुपये. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. तांब्या-पितळेवर गडद, घट्ट हिरवा थर असेल तर काळजी नाही, फिकट हिरवी भुकटी झडत असेल तर ती वस्तू वेगळी आणि कोरडी ठेवावी आणि संग्रहालयाला तसं सांगावं. लाकडी शेवेच्या सोऱ्यातून पिठासारखी भुकटी पडायला लागली, म्हणजे आत किडा जिवंत होता. औषध मारलं नाही. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून घरच्या फ्रीजरमध्ये उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवला, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता पूर्ण दिवस तशीच ठेवली, नाहीतर थंड लाकडावर पाणी धरतं. लाखकाम किंवा जडावाच्या वस्तूवर हा उपाय करू नये. कुंची (लहान मुलाचं टोपडं) आणि मण्यांचं तोरण घडी न घालता मलमल गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या नळीवर सैल गुंडाळलं. डांबराच्या गोळ्या टाकल्या नाहीत.

12 ऑगस्टला दुसऱ्या संग्रहालयात अर्ज दिला, या वेळी पोच घेऊन. ‘गणपतीनंतर बघायला येतो’ असं उत्तर आलं आणि 24 सप्टेंबरला संग्रहालयाचे अभिरक्षक (क्युरेटर) खरोखर आले. तीन तास थांबले. तिथे आमच्या अंदाजाच्या बरोबर उलटं घडलं. नक्षीची मोठी समई आणि पानदान आम्ही पुढे मांडलं होतं. तशी त्यांच्याकडे आधीच होती, चांगल्या अवस्थेतली. घासलेले चार डबे त्यांनी पाहून बाजूला ठेवले. अडकित्ता हातात घेतल्यावर त्यांनी आधी लोखंडी खिळा पाहिला आणि आत्याचं रेकॉर्डिंग मागितलं. ठिगळाचा बंब, चंद्रकोरीसारखी कल्हई गेलेलं पातेलं आणि कोळवं हे त्यांनी लगेच लिहून घेतलं. ‘घरात दुरुस्त झालेल्या वस्तू आमच्याकडे फार कमी येतात’, असं ते म्हणाले. सुंदर अडकित्ते पाहायचे तर बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात कितीतरी आहेत. डॉ. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारापासून घरोघर, गावोगाव फिरून रोजच्या वापराच्या वस्तू गोळा केल्या आणि 1975 मध्ये तो संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. अशी वस्तू आपल्याकडे असेल तर आधी तिथे जाऊन पाहून यावं, आपल्या वस्तूत वेगळं काय हे मग नेमकं लिहिता येतं.

निर्णय समितीचा असतो. ऑक्टोबरची बैठक दिवाळी आणि विधानसभेच्या आचारसंहितेमुळे पुढे गेली, ती 10 डिसेंबरला झाली. 18 डिसेंबरला पत्र आलं: 63 पैकी 21 वस्तू स्वीकारल्या. सोबत देणगीपत्राचा नमुना होता. त्यात दोन कलमं नीट वाचावीत. वस्तू कायमची दिली की तिच्यावर आपला हक्क राहत नाही, आणि ती सतत प्रदर्शनात असेल असं आश्वासन मिळत नाही. केळकर संग्रहालयातही वीस हजारांवर वस्तूंपैकी अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या असतात. ‘कायम मांडून ठेवा’ अशी अट घातली तर बहुतेक ठिकाणी नकारच येतो. त्याऐवजी अभ्यासकाला पाहायला मिळेल का, नातेवाइकांना पूर्वसूचनेने दाखवतील का, आणि पुढे संग्रहातून काढायची वेळ आली तर आम्हाला कळवतील का, हे विचारावं. तिन्हीला लेखी होकार मिळाला.

जंगम वस्तूचं दान ताबा दिल्याने पूर्ण होतं, त्यामुळे निबंधकाकडे नोंदणी लागली नाही. पण चौघा भावंडांची संमती प्रतिज्ञापत्रावर लागली. ऑक्टोबर 2024 मध्ये मुद्रांक 100 वरून 500 रुपयांचा झाला, त्यामुळे एकाच प्रतिज्ञापत्रावर चौघांच्या सह्या घेतल्या. नोटरीचे 300 वेगळे. बहिणीचं नाव जुन्या कागदांवर माहेरचं आणि आधारवर सासरचं, म्हणून विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागली. नाशिकच्या भावाला दोनदा यावं लागलं ते केवळ या एका कागदापायी. 27 डिसेंबरला सह्या झाल्या.

9 जानेवारी 2025 ला वस्तू टेम्पोने नेल्या, 1,600 रुपये. बंब आडवा ठेवायचा नाही, त्याचं सगळं वजन तोटीवर येतं. गादीवर उभा ठेवून दोन्ही बाजूंनी गोधड्या लावल्या. पोचल्यावर प्रत्येक वस्तूची अवस्था पुन्हा तपासली आणि दोन्ही प्रतींवर सह्या झाल्या. वजनकाट्याचे 650 आणि छपाईचे 380 धरून सगळा खर्च 5,120 रुपये झाला.

न स्वीकारलेल्या 42 वस्तूंपैकी समई, पानदान आणि काही तांबे-फुलपात्रं भावंडांनी वाटून घेतली. दोन पातेल्यांना कल्हई करून ती वापरात आली. घासलेले डबे माझ्याकडे आहेत. मोडीत काहीही घातलं नाही. वाटून घेतलेल्या वस्तूंच्याही फिती तशाच ठेवल्या आणि यादीची एकेक छापील प्रत चौघांकडे दिली.

20 फेब्रुवारीच्या पावतीत प्रत्येक वस्तूचा दाखल क्रमांक आहे. दाखल नोंदवहीतली एक ओळ अभिरक्षकांनी दाखवली. वस्तूचं नाव: धान्यमाप, पितळ. स्थानिक नाव: कोळवं. वापर: आमटीची डाळ मोजण्यासाठी, रोज दोन, पाहुणा असल्यास तीन.